पीएसएम ट्रेनिंग: सह्या घेऊन झाल्या, आता शिकवायचं कसं?

लोटेवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, केमिकल लाईनमधले बरेच जण इथे आहेत हे माहितीये म्हणून आज धागा काढतोय. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत मध्यम साइजच्या कंपनीत आहे, आम्ही इंटरमीडिएट बनवतो, बॅच प्लँट, दहा रिॲक्टर, साठ्यात क्लोरीनचे टनर (मोठे आडवे सिलिंडर), टोल्युइन, मिथेनॉल, ओलियम वगैरे. अकरा वर्षं शिफ्ट केमिस्ट म्हणून घासली. मध्यंतरी एका मोठ्या कस्टमरचं ऑडिट झालं, त्यांनी प्रोसेस सेफ्टी मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगवर लाल शेरा मारला आणि साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की उद्यापासून पीएसएमचं ट्रेनिंग तू बघायचंस. पगार तोच.

पहिली बॅच मागच्या गुरुवारी झाली. बाहेरून ट्रेनर आले, ९६ स्लाइड, चौदाच्या चौदा एलिमेंट, मध्ये चहा-बिस्किट, शेवटी पेपर, सगळे पास, हजेरीपत्रकावर सह्या. दुसऱ्या दिवशी सी शिफ्टच्या एका ऑपरेटरला मी जाता जाता सहज विचारलं, काय रे, ॲडिशन चालू असताना स्टरर ट्रिप झाला तर काय करशील? (ॲडिशन म्हणजे रिॲक्टरमध्ये वरून हळूहळू माल सोडणं, स्टरर म्हणजे आतला ढवळणारा पंखा, ट्रिप म्हणजे अचानक बंद पडणं.) तो म्हणाला, "परत चालू करीन ना साहेब, त्यात काय." आदल्याच दिवशी याला ५० पैकी ४६ मार्क पडलेले. खोटं कशाला सांगू, त्या रात्री धड झोप लागली नाही.

एकूण ४४ माणसं आहेत, त्यातली २६ कॉन्ट्रॅक्टची, झारखंड, ओडिशा, यूपीकडची, काहींना वाचता येत नाही. बजेट म्हणाल तर ते चहा-बिस्किटापुरतंच. स्लाइड सोडून, हाताने करून दाखवता येईल असं तुमच्याकडे काय काय करतात? सविस्तर लिहा प्लीज.

---

तिसरी_शिफ्ट

लोटेवाले, तुमच्या ऑपरेटरने दिलेलं उत्तर मी तारापूरला असताना निदान पन्नास जणांकडून ऐकलं असेल, आणि सुरुवातीच्या काळात मीही तेच दिलं असतं. (३३ वर्षं शिफ्टमध्ये काढून रिटायर झालोय, आता नातवाला शाळेत सोडतो.) माणूस काही मूर्ख नसतो हो, त्याला वाटतं मशीन बंद पडलं, चालू करणं आपलं काम. त्याला आतमध्ये काय होतंय ते दिसत नाही ना.

आतमध्ये काय होतं, तर स्टरर थांबल्यावरही वरून धार चालूच असते, जड माल खाली बसतो, हलका वर तरंगतो, दोघांची गाठ फक्त मधल्या थरावर. नायट्रेशनमध्ये तर हे अगदी नक्की. टेंपरेचर उलट स्थिर दिसतं, म्हणून ऑपरेटर निवांत. आणि मग वीस मिनिटांनी कोणीतरी बटण दाबतं, साठलेलं सगळं एका झटक्यात मिसळतं, आणि तासाभरात निघायची ती उष्णता मिनिटभरात निघते. जॅकेटमधल्या ब्राइनला (रिॲक्टरभोवती फिरणाऱ्या थंड खारट पाण्याला) ते झेपत नाही. ठोकताळा असा की दर दहा डिग्रीला रिॲक्शनचा वेग साधारण दुप्पट होतो पण कूलिंग काही दुप्पट होत नाही, ते टेंपरेचरच्या फरकाच्या प्रमाणातच वाढतं, म्हणजे एक ससा आणि एक कासव, आणि इथे ससा झोपत नाही.

आता हे समजावायचं कसं. मी चुनकळी आणायचो. होय, भिंतीला मारायच्या चुन्याचीच कळी, ताजी पाहिजे, हवा लागून मेलेली नको. स्टीलच्या पातेल्यात दोन-तीन खडे, थर्मामीटर, आणि वरून बेताचं पाणी. सगळ्यांनी गॉगल लावून लांब उभं राहायचं, चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो. पाणी टाकल्यावर पहिली मिनिटभर काहीच होत नाही. पोरं हसायला लागतात, साहेब तुमचा चुना फुसका निघाला. मी मुद्दाम विचारायचो, मग अजून ओतू का पाणी? सगळे म्हणायचे ओता. तेवढ्यात खडा तडकायचा, भस्सकन वाफ, पातेलं उकळायला लागायचं. मग मी फक्त एवढंच म्हणायचो की "काहीच होत नाही" म्हणून अजून ओतायला आत्ता तुम्हीच सांगितलंत. थंड रिॲक्टरमध्ये ॲडिशन करून "टेंपरेचर उचलत नाहीये, वाढव धार" म्हणणारा माणूस हेच करत असतो. हे एकदा बघितलेला माणूस विसरत नाही. गावाकडच्या पोरांनी तर घरी चुना विरवलेला असतो, त्यांना लगेच भिडतं.

---

रसायनीची_ताई

काका, चुनकळी! 👌 हे मी चोरणार आहे, आधीच सांगून ठेवते.

लोटेवाले दादा, मी सेफ्टी ऑफिसर आहे, पाताळगंगा पट्ट्यात. आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, ते चौदा एलिमेंट म्हणजे सिलॅबस नाही. ती यादी अमेरिकेच्या ओशाच्या (तिकडचं कामगार सुरक्षा खातं) १९९२ च्या नियमातली आहे आणि ती मॅनेजमेंटने काय काय करायचं त्याची आहे, हॅझॉप (धोक्यांचा पद्धतशीर अभ्यास), एमओसी (बदल करण्याआधीची तपासणी), मेकॅनिकल इंटिग्रिटी (यंत्रसामग्री धड ठेवणं), इमर्जन्सी प्लॅनिंग असं. ऑपरेटरला चौदा नावं पाठ करायला लावणं म्हणजे ड्रायव्हरला मोटार वाहन कायदा पाठ करायला लावण्यासारखं. त्याला त्याच्या रिॲक्टरवर त्यातलं काय लागू होतं तेवढं कळलं पाहिजे.

आमच्याकडे एकच नियम केलाय, सांगायचं नाही, दाखवायचं. म्हणजे "इमर्जन्सी व्हॉल्व्ह कुठे आहे" असं विचारलं की तोंडी उत्तर चालत नाही, चल, हात लाव. यात भाषेचा प्रश्नही निम्मा सुटतो, ओडिया पोराला मराठी येत नसेल पण व्हॉल्व्हला हात लावता येतोच ना.

दुसरं म्हणजे कोरा कागद. ऑपरेटरला कागद-पेन्सिल द्यायची आणि सांगायचं, डे टँकपासून रिॲक्टरपर्यंतची लाईन काढ, मधले सगळे व्हॉल्व्ह, ड्रेन, व्हेंट, एनआरव्ही (उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह), गेज. ड्रॉइंग सुंदर नको, वेडंवाकडं चालेल. मग तो कागद घेऊन त्याच्यासोबतच लाईन चालायची. गंमत अशी की पहिल्या महिन्यात आमच्या ऑपरेटरपेक्षा आमचा पी अँड आयडीच (पाइपलाइनचं ऑफिशियल ड्रॉइंग) जास्त नापास झाला. एका ठिकाणी कागदावर नसलेला अर्ध्या इंचाचा ड्रेन सापडला, कधीतरी टेस्टिंगसाठी मारलेला, ना प्लग ना ब्लाइंड. म्हणजे एकाच फेरीत ट्रेनिंग झालं आणि ड्रॉइंगही दुरुस्त झालं. शिवाय ऑपरेटरची कॉलर ताठ, कारण चूक त्याने काढली.

आणि हो, मॉक ड्रिल. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांखाली ऑनसाइट प्लॅनचं (कंपनीच्या आतल्या आणीबाणीच्या आराखड्याचं) ड्रिल दर सहा महिन्यांनी घ्यायचं असतं, पण सगळे ते जनरल शिफ्टला, सकाळी अकरा वाजता, आधी नोटीस लावून घेतात. एकदा पहाटे तीनला घेऊन बघा.

---

जंपर_काढा

इन्स्ट्रुमेंटवाला बोलतोय. ताईंना +१.

स्टररच्या विषयात एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. लोक म्हणतात आमच्याकडे इंटरलॉक आहे, स्टरर बंद झाला की डोझिंगचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. छान. पण इंटरलॉक सिग्नल कुठून घेतोय बघा, नव्वद टक्के ठिकाणी मोटर चालू असल्याच्या कॉन्टॅक्टवरून. (नव्वद टक्के हा माझा अंदाज हां, सर्व्हे नाही केलेला.) आता कपलिंग तुटलं किंवा ब्लेड गळून पडलं तर मोटर मस्त फिरतेय, पॅनलवर हिरवा दिवा, आणि आत माल स्थिर. ते ओळखायचं तर करंट बघा. लोड गेला की ॲम्पिअर पडतात. ऑपरेटरला रोजचे ॲम्पिअर किती असतात ते तोंडपाठ पाहिजे, लॉगशीटमध्ये कॉलम असतो पण तो मागच्या ओळीवरून कॉपी होतो हे आपण सगळे जाणतो 😄

ट्रेनिंग म्हणून मी काय करतो, तर मेंटेनन्सच्या शटडाऊनमध्ये ऑपरेटरला बाजूला उभा करून इंटरलॉक टेस्ट करतो. सिग्नल देतो आणि त्याला विचारतो, आता काय बंद व्हायला पाहिजे? तो सांगतो, मग झालं का बघतो. एकदा नाही झालं. पॅनल उघडलं तर आत जंपर (इंटरलॉकला वळसा घालणारी वायर). कधी मारला, कोणी मारला, देव जाणे, एका लेव्हल स्विचचा खोटा अलार्म येत होता म्हणून कुणीतरी रात्री मारला आणि सकाळी विसरला. तेव्हापासून आमच्याकडे बायपासचं रजिस्टर आहे, कोणी मारला, का, किती तासांसाठी, कोणाची सही, आणि पॅनलच्या दारावर लाल टॅग. शिफ्ट बदलताना ते रजिस्टर वाचून दाखवायचं.

२००५ चा अमेरिकेतल्या टेक्सास सिटी रिफायनरीचा स्फोट वाचा ज्यांनी वाचला नसेल त्यांनी. टॉवर भरून वाहायला आला तरी लेव्हल ट्रान्समीटर लेव्हल कमी होतेय असंच दाखवत होता, आणि हाय लेव्हलचा स्वतंत्र अलार्म वाजलाच नाही. १५ माणसं गेली, सगळी कॉन्ट्रॅक्टची, जवळच्या ट्रेलरमध्ये किंवा आसपास असलेली. काटा खोटं बोलू शकतो हे ऑपरेटरला शिकवणं माझ्या मते अर्धं ट्रेनिंग.

---

खरंतेबोलू

सगळं वाचलं. छान आहे. पण एक स्पष्ट बोलू का? हे सगळे मोठ्या कंपन्यांचे लाड आहेत. आमच्यासारख्या ठिकाणी एक केमिस्ट तीन रिॲक्टर बघतो, वर प्रॉडक्शन मॅनेजर दर दोन तासांनी फोन करून बॅच कुठे पोचली विचारतो, आणि तुम्ही म्हणता कागद घेऊन लाईन चाला. कधी चालायचं? जेवणाच्या सुट्टीत? पुन्हा एवढं शिकवलेला ऑपरेटर सहा महिन्यांत दोन हजार जास्त मिळाले की शेजारच्या कंपनीत जातो.

---

तिसरी_शिफ्ट

@खरंतेबोलू, तुमचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. टार्गेटचा फोन मीही घेतलाय आणि मीही केलाय, ते पाप माझ्याही खात्यावर आहे. पण शेजारच्या कंपनीत गेला तर गेला हो, त्या कंपनीची भिंत आणि तुमची भिंत एकच असते ना. तिकडे वायू सुटला तर तो गेटपास दाखवून इकडे येणार आहे का?

आणि वेळेचं म्हणाल तर शिफ्ट बदलताना दहा मिनिटं. एकच प्रश्न. "आत्ता लाईट गेली तर?" "आत्ता ब्राइन बंद पडलं तर?" रोज एक. वर्षाला तीनशे प्रश्न होतात. स्लाइड लागत नाही, खुर्चीही लागत नाही.

---

जुबैलकर

परदेशातून लिहितोय, मूळ चिपळूणचा. इकडे परमिटचं (कामाच्या लेखी परवानगीचं) फार कडक आहे. पण कडक असून काय, कागद कडक असतो, माणूस सगळीकडे सारखाच. १९८८ चं पायपर अल्फा घ्या, नॉर्थ सीमधला तेलाचा प्लॅटफॉर्म. पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता, परमिट लिहिलेलं होतं, सगळं रीतसर, पण संध्याकाळी शिफ्ट बदलताना ती गोष्ट पुढच्या माणसापर्यंत पोचली नाही, रात्री दुसरा पंप ट्रिप झाला म्हणून हा चालू केला. १६७ माणसं गेली. मी हे सांगताना दोन ऑपरेटरना उभं करतो, एकाला शिफ्ट देणारा, एकाला घेणारा, देणाऱ्याच्या चिठ्ठीत आठ गोष्टी असतात आणि त्यातली एक जीवघेणी. घाईत हँडओव्हर करायला लावतो, मागून मीच ओरडतो, "चल रे, बस सुटतेय." किती गोष्टी पोचल्या ते मग सगळ्यांसमोर मोजायचं. आठपैकी पाच पोचल्या तर नशीब.

दुसरा माझा आवडता विषय एससीबीए, म्हणजे पाठीवर हवेची बाटली लावून घालायचा मास्कचा सेट. बाटलीवर लिहिलेलं असतं ४५ मिनिटं, लोक तेवढ्याच हिशोबाने आत जातात. हिशोब करून दाखवा. ६ लिटरची बाटली, ३०० बार, म्हणजे १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरलं तर ४५ मिनिटं. पण घाबरलेला, जिना चढणारा, हातात पाना असलेला माणूस ८० लिटर सहज ओढतो, झाली की २२ मिनिटं. त्यातली शेवटची शिट्टी वाजल्यानंतरची परत यायला. आणि बाटली २०० बारवर अर्धवट भरलेली असेल तर अजून कमी. प्रत्येकाला सेट घालून तीन मजले चढवा-उतरवा आणि गेज आधी किती, नंतर किती ते त्यालाच लिहू द्या, स्वतःचा आकडा स्वतःला कळतो. दाढीवाल्यांचा मास्क बसत नाही, तेही तिथेच कळतं, वादावादी करावी लागत नाही.

---

मुकादम_नंबर_१

मी कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर आहे, टँक सफाई, पेंटिंग, इन्सुलेशनची कामं घेतो आम्ही. इथे सगळे कंपनीवाले बोलतात म्हणून आमची बाजू सांगतो. आमच्या पोरांना गेटवर अर्धा तासाचा व्हिडिओ दाखवतात, इंग्लिश किंवा हिंदी, सही घेतात, हेल्मेट देतात, झाला सेफ्टी इंडक्शन. आत कुठल्या टँकमध्ये काय होतं ते आम्हाला परमिटवर वाचायला मिळतं, तेसुद्धा मिळालं तर.

आमच्या एका साइटवर (कुठली ते नाही लिहीत) रिॲक्टर नायट्रोजनने पर्ज केलेला (आतली हवा काढून नायट्रोजन भरलेला), मॅनहोल उघडा, पोरगा बॅटरी मारून आत वाकून बघत होता गॅसकेटचा तुकडा पडलाय का, आणि तसाच लटकला. दुसऱ्याने मागून पट्टा धरून ओढला म्हणून वाचला. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, घशात खवखव नाही, श्वास कोंडल्यासारखंही वाटत नाही, माणूस डायरेक्ट खाली. त्याला नंतर विचारलं तर म्हणे काही कळलंच नाही, डायरेक्ट जमिनीवर जाग आली.

तेव्हापासून मी माझं स्वतःचं ट्रेनिंग करतो, खर्च साठ-सत्तर रुपये. पाण्याचा वीस लिटरचा जार वरून कापला, तळाला मेणबत्ती पेटवून ठेवली, बाजूने खायचा सोडा टाकून त्यावर व्हिनेगर. जारमध्ये काही दिसत नाही, धूर नाही, काही नाही, आणि मेणबत्ती गप्पकन विझते. परत काडी पेटवून आत धरा, ती पण विझते. यातला गॅस वेगळा आहे, कार्बन डायऑक्साइड, पण मुद्दा पोरांना कळतो, की दिसत नाही म्हणजे हवाच आहे असं नाही. मग ऑक्सिजन मीटर दोरीने सोडायचा, वर, मध्ये, तळाला. बाहेर २०.९ दाखवतो, १९.५ च्या खाली गेला की बोंबलतो. आकडा त्यांनीच वाचायचा मोठ्याने.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक आत पडला की दुसऱ्याने उडी मारायची नाही. हे सांगून उपयोग नाही, भाऊ पडल्यावर माणूस उडी मारणारच. म्हणून आम्ही बाहेरच्या माणसाला काम देतो, ट्रायपॉडची विंच फिरवायची. पन्नास किलोची वाळूची गोणी आत सोडून विंचने काढून दाखव, किती वेळ लागतो बघ. हाताला काम असलं की माणूस उडी मारत नाही, हा माझा अनुभव.

---

रसायनीची_ताई

मुकादम दादा, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावतेय. विंचचा मुद्दा तर आमच्या कुठल्याच स्लाइडमध्ये नाही.

एक भर घालते, तुमच्या पोरांना हेही सांगा की काम असुरक्षित वाटलं तर सांगायचा हक्क आहे. भोपाळनंतर १९८७ मध्ये फॅक्टरीज ॲक्टमध्ये घातक प्रक्रियांचं प्रकरण घातलं, त्यात कलम ४१-एच कामगाराच्या याच हक्काबद्दल होतं. आता हक्क आहे म्हणून रोजंदारीवरचा माणूस बोलतो का, तर नाही बोलत, हेही मला माहीत आहे. त्याने एकदा "साहेब, मीटर चालत नाहीये" म्हटल्यावर काम खरोखर थांबलं, आणि त्याचा त्या दिवसाचा खाडा धरला नाही, तरच दुसऱ्या वेळी तो बोलतो.

---

एमआयडीसीशेजारी

माफ करा, मी केमिकलवाला नाही, डोंबिवलीत राहतो. २०१६ च्या मे महिन्यात आमच्या खिडक्यांच्या काचा गेल्या आणि २०२४ च्या मे महिन्यात परत तेच. तुमचं ट्रेनिंग वाचून बरं वाटलं पण एक प्रश्न, भिंतीबाहेरच्यांचं काय? भोंगा वाजला तर आम्ही काय करायचं, घरात बसायचं की पळायचं, आणि पळायचं तर कुठे? सोसायटीत आजवर कोणी येऊन सांगितलेलं नाही. दर महिन्याला टेस्टिंगचा भोंगा वाजतो तेवढा ऐकतो.

---

तिसरी_शिफ्ट

तुम्ही माफी कसली मागता, खरा प्रश्न तुम्हीच विचारलात. विषारी वायूच्या बाबतीत ढोबळ सांगतो. वाऱ्याची दिशा बघायची, झाडाची पानं, वाळत घातलेले कपडे, काहीही. कंपनी ज्या बाजूला आहे तिकडून वारा तुमच्याकडे येत असेल तर वाऱ्याबरोबर पळू नका, ढग तुमच्या मागेच येतो, आडवे बाहेर पडा. तेवढा वेळ नसेल तर घरात जा, दारं-खिडक्या बंद, एसी-पंखा-एक्झॉस्ट बंद, फटींना ओले टॉवेल. क्लोरीनसारखा जड वायू असेल तर तळमजला, बेसमेंट, नाल्याची बाजू सोडा, वर चढा. पण स्फोटाची किंवा आगीची शक्यता असेल तर हिशोब वेगळा, तेव्हा लांब जाणं बरं आणि काचेजवळ तर अजिबात थांबू नये, उत्सुकतेने खिडकीत उभे राहिलेलेच काचांनी जखमी होतात. कुठला भोंगा कशाचा, हे कंपन्यांनी आणि जिल्ह्याच्या यंत्रणेने तुम्हाला सांगायला हवं, ऑफसाइट प्लॅन (भिंतीबाहेरच्या आणीबाणीचा आराखडा) त्यासाठीच असतो. सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या. एका माणसाच्या पत्राला उत्तर येत नाही, तीनशे घरांच्या पत्राला येतं.

---

लोटेवाला (धागाकर्ता)

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. काका, क्लोरीनचं जरा सांगा ना. आमच्याकडे इमर्जन्सी किट आहे, पेटी सीलबंद आहे, इन्स्पेक्शनला दाखवायला काढतो.

---

तिसरी_शिफ्ट

सीलबंद पेटी!! अहो, उद्याच्या उद्या फोडा ते सील.

टनर म्हणजे ९०० किलो द्रव क्लोरीन. आडवा झोपलेला असतो, दोन व्हॉल्व्ह एकावर एक उभ्या रेषेत आले की वरच्यातून गॅस निघतो, खालच्यातून द्रव. द्रव गळणं कितीतरी वाईट, कारण द्रवाच्या एका भागाचा साडेचारशेहून जास्त भाग गॅस होतो. त्यामुळे पहिली शिकवण, शक्य असेल तर टनर फिरवायचा आणि गळती वर आणायची म्हणजे निदान गॅसच येईल. रिकाम्या, नीट साफ केलेल्या टनरवर हे फिरवणं प्रत्यक्ष करून घ्या. दुसरं, गळतीवर पाणी मारायचं नाही. प्रत्येक नवा माणूस होज उचलतो. पाणी आणि क्लोरीन मिळून ॲसिड होतं, भोक मोठं होतं. तिसरं, गळती शोधायला काठीला बोळा बांधून अमोनियाच्या द्रावणात बुडवायचा, गळतीपाशी पांढरा धूर येतो.

मग किटमधली हूड (गळतीवर घट्ट बसवायची टोपी). व्हॉल्व्हची वेगळी, फ्युजिबल प्लगची (तापल्यावर वितळणाऱ्या बुचांची) वेगळी, प्लग दोन्ही बाजूंना तीन-तीन असतात. हूड बसवणं साध्या कपड्यात, उजेडात, चार मिनिटांचं काम. आता तेच पूर्ण सूट, एससीबीए आणि जाड हातमोजे घालून करा. बोल्ट हातातून पडतो, कोणता पाना कुठला ते कळत नाही. आमच्याकडे पहिल्यांदा १९ मिनिटं लागली होती, जुबैलकरांच्या हिशोबाने बाटली संपत आली. महिनाभर दर शनिवारी करून सहा-सातवर आणली. आणि पेटी उघडल्यावर गॅसकेट बघा, बहुतेक वाळून कडक झालेली असेल. क्लोरीन पुरवणाऱ्या कंपन्या स्वतः येऊन हे ट्रेनिंग देतात, त्यांना फोन करा, बहुतेक आनंदाने येतात.

---

जंपर_काढा

अवांतर: अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाचे ॲनिमेशन व्हिडिओ फुकट आहेत, आवाज बंद करून दाखवा आणि स्वतः मराठी-हिंदीत बोला. स्फोटाच्या एक मिनिट आधी थांबवा आणि विचारा, तू इथे असतास तर काय केलं असतंस? २००७ चा जॅक्सनव्हिलचा स्फोट बॅच प्लँटवाल्यांनी बघाच, सोडियमची रिॲक्शन, कूलिंग गेलं, दुसरी सोय नव्हती, मालकांपैकी एक जण स्वतः कंट्रोल रूममध्ये होता, तोही वाचला नाही.

---

लोटेवाला (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय. थोडं लांबेल.

चुनकळी हिट झाली. खेडच्या बाजारातून आणली, दोन दिवस पिशवीत राहिली होती म्हणून वाटलं मेली असेल, पण काय तडकली! आमचा एक हेल्पर "भागो" म्हणून खरंच पळाला, त्याला आता सगळे त्याच नावाने हाक मारतात.

क्लोरीनची पेटी उघडली. गॅसकेट कडक, एक पाना गायब, आत पालीची अंडी. नवीन गॅसकेट मागवल्यात, पुरवठादाराचा माणूस पुढच्या बुधवारी येतोय.

पहाटेचं ड्रिल केलं, ताईंच्या सांगण्यावरून, तीन वाजून दहा मिनिटांनी. साहेबांना आणि मला सोडून कोणाला माहीत नव्हतं. असेंब्ली पॉइंटवर मोजदाद केली तर गेटच्या रजिस्टरप्रमाणे दोघं कमी. पॅकिंगच्या मागे रिकाम्या जंबो बॅगांवर झोपलेले सापडले, भोंगा ऐकूच आला नाही म्हणे. साहेब चिडले, त्या दोघांचा खाडा मांडायला निघाले होते. मी म्हटलं, साहेब, थांबा, तिथे भोंगा ऐकू येतो का ते आधी बघू. दुसऱ्या दिवशी स्वतः तिथे उभा राहिलो, ब्लोअर चालू होता, खरंच ऐकू येत नाही. आता तिथे वेगळा हूटर बसणार.

आणि मुख्य म्हणजे स्टररचं. त्याच सी शिफ्टच्या ऑपरेटरला घेतलं, पाण्याची बॅच लावली, ॲडिशन टँकमध्येही पाणीच, आणि मी इलेक्ट्रिशियनला खूण करून स्टरर पाडला. आता तो शिकलेला होता, बटणाकडे गेला नाही, "साहेब, आधी धार बंद" असं ओरडत जिन्याने पळाला. मी स्टॉपवॉच घेऊन मागे. दुसऱ्या मजल्यावर ॲडिशन टँकखालचा व्हॉल्व्ह, त्याला हँडव्हील नाही, नुसता दांडा. कधी तुटलं कोणाला आठवत नाही. दांड्याला पाईप पाना लावून फिरवतात आणि पाना कुठे, तर खाली तळमजल्यावर, पॅनलच्या बाजूला खिळ्याला. पोरगा परत खाली, पाना घेऊन परत वर. धार बंद व्हायला ३ मिनिटं १० सेकंद. वर आल्यावर धापा टाकत माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

अकरा वर्षं त्याच प्लँटमध्ये शिफ्ट केलीय मी. नव्हतं माहीत.

---

तिसरी_शिफ्ट

शाब्बास. हँडव्हील बसलं का?

---

लोटेवाला (धागाकर्ता)

इंडेंट (मागणीपत्र) टाकलंय काका, स्टोअरवाला म्हणतो शुक्रवारपर्यंत. तोपर्यंत त्या रिॲक्टरवर ॲडिशनची बॅच घ्यायची नाही असं साहेबांकडून लेखी घेतलंय, आणि पाना वरती, व्हॉल्व्हलाच साखळीने बांधून ठेवलाय. जंपरभाऊंचा ॲम्पिअरवाला इंटरलॉक पण इंडेंटमध्ये घातलाय, तो मात्र कधी मंजूर होतो बघू.

---

जंपर_काढा

कोटेशन लागलं तर व्यनि करा. आणि साखळीचा फोटो टाका 😄